पंगत मोडायची नाही

१

सईला फर्निचरचं वेड लागलं तेव्हा मिहिरने तिला हात जोडले होते. मुलुंड पूर्वेची त्यांची जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या घरात दिवस काढून झाले, आणि एकदाची नव्या टॉवरमधल्या फ्लॅटची चावी हातात आली. शेजारपाजारच्यांनी काय केलं? एकाच दुकानात गेले, पांढरा सोफा, पांढरं टीव्ही युनिट, पांढरं डायनिंग टेबल घेतलं, विषय संपला. सगळी घरं दवाखान्यासारखी दिसायला लागली. सई मात्र मुलीसाठी स्थळं बघावीत तशी खुर्च्या बघत फिरत होती.

तिचं गणित ठरलेलं होतं. सोफा आणि पलंग नवे घ्यायचे, कारण तिथे पाठीचा प्रश्न. कपाट आणि लिहायचं टेबल आईवडिलांच्या संसारातलं, तेच पॉलिश करून वापरायचं. त्याला हल्ली विंटेज म्हणतात. आणि एक, फक्त एकच वस्तू अस्सल जुनी घ्यायची, शंभरी ओलांडलेली. घराला त्याने वजन येतं म्हणे.

"म्हणजे मी विंटेज," नाना म्हणाले होते, "आणि माझी आजी अँटिक."

नाना म्हणजे सईचे वडील, नंदकुमार. कित्येक महिन्यांत त्यांनी केलेली ही पहिली थट्टा, त्यामुळे सई त्या फुटकळ विनोदावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तिची आई, माणिक, जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून नाना लेकीकडेच राहत. जेवायला बाहेर येत नसत. आपल्या खोलीत पलंगावर बसायचं, मांडीवर ताट घ्यायचं, दोन घास चिवडायचे आणि उरलेलं झाकून ठेवायचं. वजन इतकं उतरलं की डॉक्टरांनी सईला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर कठीण आहे.

आणि हा माणूस एके काळी पंगतीचा राजा. त्याच्या घरात नियम एकच: सगळ्यांचं होईपर्यंत कोणी पानावरून उठायचं नाही. पंगत मोडायची नाही. लहानपणी सई त्यापायी रडायची. मैत्रिणी खालून हाका मारत असायच्या आणि आत्याचा ताकभात काही संपत नसायचा. आता तिला तीच पंगत परत हवी होती. नाना टेबलाशी येऊन पोटभर जेवले पाहिजेत, बस्स. टेबल शोधायचं ते त्यासाठी.

ते तिला ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरच्या एका गोदामात मिळालं. सागवानी, चौकोनी, कडा हातांनी झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि सोबत वेताने विणलेल्या बैठकीच्या चार खुर्च्या. दुकानदार, चंद्रप्रकाश, मोठा गोडबोल्या होता. "मॅडम, हे घरात गेलं ना, घर भरलं समजा," तो म्हणाला. तीन खुर्च्या त्याने टेबलाखाली नीट सरकवून दाखवल्या. चौथी मात्र त्याने बाहेरच ठेवली, तिरपी, कुणी नुकतंच बसलंय आणि पाय मोकळे सोडलेत अशी. सईने ती आत सरकवली. बोलता बोलता त्याने ती पुन्हा बाहेर ओढली. सवय असेल, सई म्हणाली. दुकानदारांना असतात असल्या सवयी.

२

टेबल घरात आलं आणि चमत्कार झाला. पहिल्याच रात्री नाना खोलीतून बाहेर आले, कडेवरून हात फिरवला, खुर्ची ओढली आणि बसले. आमटीभात खाल्ला. पुन्हा भात घेतला. सई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून मिहिरचा दंड घट्ट धरून होती.

"झकास ना?" ती कुजबुजली.

"तुझ्या ओशिवऱ्याला साष्टांग नमस्कार," मिहिर म्हणाला.

वेताच्या खुर्चीचं एक असतं. माणूस बसला की वेत खाली जातो आणि कुरकुरतो. माणूस उठला की तो हळूहळू वर येतो आणि परत कुरकुरतो, पण तो आवाज वेगळा, सैल. चार दिवसांत सईच्या कानाला दोन्ही आवाज ओळखीचे झाले. म्हणून एके दिवशी, तिघं जेवत असताना, तिने जो आवाज ऐकला तो तिला बरोबर कळला. चौथ्या खुर्चीतून आला. बसल्याचा होता.

तिने मान वर केली. खुर्चीत कोणी नव्हतं. मिहिर फोन बघत लोणचं चोखत होता. नाना मात्र जेवायचे थांबले होते आणि त्या खुर्चीकडे बघत होते, पाहुणा आला की यजमान बघतो तसे.

मिहिरचं झालं. तो उठायला लागला.

"बस रे," नाना म्हणाले.

"झालं की सगळ्यांचं, नाना."

त्यांनी पुन्हा खुर्चीकडे पाहिलं, मग मिहिरकडे, आणि ओशाळल्यासारखे हसले. "हो, हो. ऊठ."

सईने स्वतःला समजावलं. दिवसभर घर बंद, संध्याकाळी एसी लागतो, लाकूड आणि वेत आकसतात. शाळेतलं विज्ञान आहे हे. दुसऱ्या दिवशी तिने वेतावर ओलं फडकं फिरवलं आणि खुर्ची पार आत सरकवली. ऑफिसातून परत आली तर खुर्ची बाहेर होती, तिरपी. नाना दुपारी बसत असतील, ती म्हणाली. विचारलं नाही. माणूस पोटभर जेवत होता; कशाला उगाच चौकशा करून त्यात माती कालवायची?

३

चूक सईचीच झाली, आणि तीही मायेपोटी.

नाना जेवताना सारखे चौथ्या खुर्चीकडे बघतात म्हणजे त्यांना आईची आठवण येते, असं तिने धरलं. येणारच ना, आख्खा जन्म ती त्यांच्या डाव्या हाताला बसली. म्हणून एका रविवारी तिने वालाचं बिरडं केलं, आईच्या हातचं व्हायचं तसं, आणि चौथं ताट वाढून त्या खुर्चीसमोर ठेवलं. आता कुणालाही विचारा, गेलेल्या माणसाचं पान गच्चीवर ठेवतात, कावळ्याला. जेवणाऱ्यांत कोणी मांडत नाही. सईलाही ते ठाऊक होतं. पण टॉवरची गच्ची कुलूपबंद, किल्ली सेक्रेटरीकडे, आणि तिला नानांचा चेहरा फुललेला बघायचा होता.

"हे कुणाचं?" नानांनी विचारलं.

"आईचं समजा."

नानांचा घास हातातच राहिला. चेहरा फुलला वगैरे काही नाही, उतरला. "सई, वाढायच्या आधी मला विचारायचं होतंस," ते हळू आवाजात म्हणाले.

तिला वाटलं, त्यांना भरून आलंय. वातावरण हलकं करावं म्हणून ती त्या रिकाम्या खुर्चीकडे वळून, बायका पंगतीत म्हणतात तसं, हसत म्हणाली, "सावकाश होऊ द्या हं. घाई नाही."

वेत कुरकुरला. ऐसपैस बसल्यासारखा.

जेवणं झाल्यावर तिने ताटं उचलली. चौथ्या ताटात सगळं जसंच्या तसं होतं: भात, बिरडं, पोळी, लिंबाची फोड. फक्त मीठ नव्हतं. ताट वाढताना आधी मीठ वाढतात, तसं तिने हाताच्या सवयीने ते वाढलं होतं. ती जागा कोरडी होती, चाटून पुसल्यासारखी.

ती बेसिनशी उभी राहिली आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आईला ब्लड प्रेशर होतं. तिच्या ताटात मीठ वाढत नसत, आणि तिने ते कधी मागितलं नाही. नानांनी घेतलं असेल, सईने ठरवलं. हात लांब करून घेतलं असेल, दुसरं काय?

४

त्यानंतर नानांची जेवणं लांबायला लागली.

सई ऑफिसला जाताना त्यांचं दुपारचं ताट वाढून, झाकून ठेवायची. आता तिथे दोन ताटं लागायची, नाहीतर नाना आपलं ताट त्या खुर्चीसमोर सरकवत आणि स्वतः उपाशी बसत. तिने एकदा करून पाहिलं होतं. दुसरं ताट वाढलं नाही. संध्याकाळी आली तर नाना सकाळच्याच जागी, कोरड्या तोंडाने. मग काय करणार? ती मुकाट्याने दोन ताटं वाढायला लागली.

आणि नाना जेवत होते. भरपूर जेवत होते. सुरुवातीला डॉक्टरांनी सईची पाठ थोपटली, वजन वाढलंय म्हणाले. पण पुढे ते जेवण राहिलं नाही. रात्री सई जेवून उठायची, मिहिर घरी असला तर तोही, नाना बसलेलेच. थोडा भात कालवायचा, एक घास घ्यायचा, थांबायचं, समोर बघायचं, पुन्हा एक घास. पोट तट्ट फुगलेलं दिसायचं. ढेकर दाबत पुढचा घास घ्यायचे. रात्रभर पोट धरून कुशी बदलायचे. सकाळी चेहरा मेणासारखा.

"सोबत नको का कुणी?" सईने रागावून हात धरला तेव्हा ते म्हणाले. "एकट्याला जेवत ठेवून उठतात का?"

मिहिरचं ऑफिस पवईला, त्याच्या वेळा उलट्यासुलट्या. दहातली आठ जेवणं तिकडेच. त्याने आपलं शहाणपणाने निदान केलं. "वय झालंय गं. विसरायला होतं, भ्रम होतात. न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेऊया." सईने घेतलीही, पुढच्या महिन्यातली. तिला मनापासून वाटत होतं की भ्रमच असावा. भ्रमाला गोळी असते.

फक्त ताटं तीच विसळत होती. रोज सगळं तसंच, आणि मीठ नाही. एकदा तिने मुद्दाम मूठभर वाढलं. तेही नव्हतं.

५

शेवटी एके दिवशी रजा टाकून तिने विचारलंच. नाना दुपारचे बसले होते, ऊन थेट टेबलावर, खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गाडी धूत होतं. असल्या उजेडात घाबरायचं म्हणजे माणसाला लाज वाटावी. ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली, मांडीवर हात ठेवला.

"नाना, खरं सांगा. आई येते का?"

नानांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला पाच वर्षांची असल्यासारखं वाटलं. "माणिक? छे गं. माणिक असती तर मी ओळखलं नसतं?"

"मग कोण आहे?"

"पानावर बसलेल्याला कोण, कुठला विचारायचं नसतं."

"नाना, प्लीज."

"तू ताट वाढलंस ना, सई?" ते अगदी मायेने म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. "तोवर नुसतं येऊन बसत होतं. बसेना का बापडं, आपलं काय जात होतं? तू वाढलंस. सावकाश होऊ द्या म्हणालीस. मग आता होऊ दे त्याचं."

"आणि तुम्ही? तुमचं काय होतंय बघताय ना? मरून जाल तुम्ही असे."

त्यांचा उजवा हात ताटात होता, उष्टा, वाळलेला. बोटांवर भाताचा पापुद्रा धरला होता. डाव्या हाताने त्यांनी तिचे केस मागे सारले. आणि लगेच चोरून त्या खुर्चीकडे पाहिलं. ते घाबरलेले आहेत, हे सईला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतके दिवस ते घाबरूनच जेवत होते.

ती ताडकन उठली आणि मिहिरला फोन लावला. "रविवारी हे टेबल घरातून जातंय. खुर्च्यांसकट. मला काही विचारू नकोस."

मिहिरने खरंच काही विचारलं नाही. तिचा आवाजच तसा होता.

६

रविवारी मिहिर टेंपोवाल्याला आणायला खाली उतरला तेव्हा नाना टेबलाशी होते. सकाळच्या पोह्यांना बसले ते उठलेच नव्हते; मध्येच त्यांनी सईकडून वरणभात वाढून घेतला होता, दोन्हीकडे. सईने वाढला, कारण टेंपो येतच होता, आणि शेवटचा आहे म्हणून.

"नाना, उठा आता. टेबल न्यायचंय."

"व्हायचंय अजून."

तिने त्यांच्या काखेत हात घालून उचलायला पाहिलं. अंग जड झालं होतं, घामाने थंड. ते स्वतःच उठू बघत होते, पण अर्धे उठून परत बसत होते. डोळे तिच्याकडे लागलेले. झटापटीत त्यांच्या हातून वाटी निसटली आणि टेबलाखाली गेली. सई वाटी घ्यायला वाकली.

खाली अंधुक होतं. नानांचे पाय दिसले, सुजलेले, एकमेकांवर घट्ट दाबलेले. पलीकडे चौथ्या खुर्चीचे चार लाकडी पाय, आणि त्यांच्यामध्ये काही नाही. कोणाचे पाय नाहीत, वस्त्र नाही. पण वरची वेताची बैठक खाली फुगून आली होती, गच्च ताणलेली, मोठं वजन पेलत असल्यासारखी. विणीच्या एकेका भोकातून काहीतरी फिकट, ओलसर दाबून बाहेर आलं होतं. सई बघत असतानाच ते एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सरकलं. मग थोडं पुढे झुकलं, खाली कोण आहे ते बघायला झुकावं तसं.

ती वर आली तेव्हा तिच्या डोक्याला टेबलाची कड लागली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. खुर्चीत काही दिसत नव्हतं. समोर ताट. नाना डोळे मिटून घास गिळत होते, आणि घास उतरत नव्हता. चेहरा काळानिळा पडत चालला होता.

विचार करायला वेळच नव्हता. तिने हातात आलं ते ताट घेतलं, नानांच्या आणि त्या खुर्चीच्या मधली खुर्ची ओढली आणि बसली. भात वाढून घेतला, कालवला. "नाना, मी बसलेय सोबतीला. तुम्ही उठा. मी आहे ना. उठा."

तिने घास तोंडात घातला.

नाना उठले. नुसते उठले, कोणी धरून ठेवलेलं सोडावं तसे. दोन पावलं गेले, भिंत धरली, खोकले, आणि श्वास घेतला, लांब, घरघरता. मग बेसिनचा नळ वाजला. किती दिवसांनी ते हात धूत होते. सईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाचला माझा बाप, ती मनात म्हणाली. वाचला.

मग तिने उठायचं ठरवलं आणि तिला कळलं.

कोणी धरलं नव्हतं. पाय तिचेच होते, हलत होते. पण उठावं म्हटलं की लाजेने अंग आक्रसत होतं. भरल्या पानावरून कुणाला तरी हाकलून द्यावं, घरी आलेल्याच्या तोंडातला घास काढून घ्यावा, त्याची जी शरम वाटेल ती, हजारपट. ती अर्धी उठली आणि परत बसली. शेजारी वेत कुरकुरला, समाधानाने. तिने दुसरा घास घेतला. तो खारट लागला आणि तिला आठवेना की आपण मीठ घेतलं होतं का.

"सई." नाना हात पुसत दारात उभे होते. ओले हात, स्वच्छ. तिच्याकडे बघता बघता सगळं कळून चुकल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"खोलीत जा, नाना. दार लावून घ्या."

"एकटीला सोडून?"

"मी सांगतेय ना तुम्हाला. नका येऊ. पाया पडते तुमच्या."

नानांनी मान हलवली. हळूहळू चालत आले, आपली खुर्ची ओढली आणि लेकीच्या शेजारी बसले. टेबलाखाली तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. मग उजव्या हाताने आपलं ताट पुढे ओढलं.

लॅचचा आवाज झाला. मिहिर आत आला, कपाळावरचा घाम पुसत. "वाट लावली यार त्या टेंपोवाल्याने. खाली आला आणि म्हणतो, जेवून येतो, तासभर लागेल." त्याने टेबलाकडे पाहिलं. "अरे, तुम्ही बसलात पण? आणि मी उपाशी?"

"मिहिर, तू नको बसूस," सई म्हणाली. तोंडात घास होता. "बाहेर जा. बाहेर काहीतरी खा."

"घरात वरणभात असताना? डोकं फिरलंय का तुझं?" तो हसला. रॅकवरून ताट घेतलं, उरलेली खुर्ची पायाने ओढली आणि धपकन बसला. त्याच्याखालचा वेत कुरकुरला.

सईने नानांकडे पाहिलं. नानांनी तिचा हात घट्ट दाबला, आणि खाली बघत राहिले.

मिहिरने भात घेतला, वरण ओतलं. मग त्याचं लक्ष चौथ्या ताटाकडे गेलं. "हे कुणाचं वाढलंय?"

नानांनी पुढचा घास घेतला. भूक लागलेल्या माणसाला उत्तराची तरी कुठे घाई असते? त्याने पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि मीठ घ्यायला हात पुढे केला.